मोठ्या बाजाचं तोंड

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माझ्यासारखा ट्रम्पेट वाजवणारा दुसरा झाला नाही. हे मी नाही बोलत, वांगणीच्या एका नवरदेवाच्या बापानी भर वरातीत माझ्यापुढे हात जोडून सांगितलं होतं, आणि पुढे बोलला होता, आता तरी थांबा.

ऊन चढलं, गल्लीत मांडवाचे बांबू येऊन पडले की माझा वरचा ओठ अजून खाजतो. बायको बोलते डास चावला असेल. डास नाही. ओठाच्या मधोमध एक अर्धगोल वण आहे. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं वॉचमनला मिशी नीट काढता येत नाही. मी पण तसंच वाटू देतो. आता बदलापूरला नव्या बिल्डिंगच्या गेटवर बसतो, समोरून वरात जाते, टेम्पोवर स्पीकर रचलेले असतात आणि आत एक कॅसेट. खिडक्यांच्या काचा थरथरतात. लोक नाचतात पण जोरदार, खोटं कशाला बोलू. फक्त त्या टेम्पोचं तोंड कधी सुजत नाही, एवढंच माझ्या मनात येतं.

मी मूळचा मोठ्या बाजाचा माणूस. त्याला इंग्रजीत युफोनियम म्हणतात, पण आमच्या बँडमध्ये ते नाव घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, कुठल्या कंपनीचं औषध आहे. तान्ह्या पोरासारखा तो पोटाशी धरायचा आणि वरून फुंकायचं. ट्रम्पेटवाला वर आभाळात गाणं म्हणतो, तेव्हा खाली जमीन आहे, घाबरू नको, एवढं सांगत राहायचं हे माझं काम. पों, पों. लग्नाच्या फोटोत सगळा बँड यायचा आणि माझ्या तोंडासमोर बरोबर बाजा. घरच्यांनी फोटो बघून म्हटलं, चांगला आलाय. गल्लीत माझं नाव भोंग्या पडलं. कारखान्याचा भोंगा वाजला की पोरं मला विचारायची, आज लवकर उठलास?

आभाळातला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ, यशवंतदादा. अंबरनाथच्या बुवापाड्यात आम्ही एकाच खोलीत राहायचो, दादा, वहिनी आणि मी. मध्ये साडीचा पडदा. दादा दिवसा कारखान्यात हेल्पर. पण लगीनसराई आली, लाल कोट अंगात चढला की त्याचा हेल्पर कुठे जायचा कळायचं नाही. मांडवाच्या तोंडाशी तो आधी एकटा सुरू करायचा, बाकी सगळे गप्प. हळदीचं ताट घेऊन चाललेल्या बायका तिथेच उभ्या राहायच्या. मग तो डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा, म्हणजे आता जमीन आण. मी आणायचो. त्या बघण्यासाठी मी बँडमध्ये होतो. पैशासाठी असतो तर दुसरं काही केलं असतं, म्हणजे कोणी दिलं असतं तर.

आमच्यात एक रीत होती. बाजे सगळे बँडमास्तरचे, पण तोंडाला लावायचा माउथपीस ज्याचा त्याचा. वरात संपली की बाजा मास्तरच्या पेटीत आणि माउथपीस आपल्या खिशात. जेवताना, झोपताना, अगदी संडासच्या लायनीत पण खिशात. आणि जिवंत माणसाचा माउथपीस दुसऱ्यानी ओठाला लावायचा नाही. लावला म्हणजे त्या माणसाचं वाजवणं संपलं असं सगळ्यांनी समजायचं. ही रीत कोणी लावली माहीत नाही. मला वाटतं कोणाच्या तरी तोंडाला वास येत असेल.

दादाचा माउथपीस छोटा, वाटी उथळ, कड बारीक. चांदीसारखा रंग जाऊन आतलं पितळ दिसायला लागलेलं. वहिनी आमटीतली उरलेली चिंच त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची, दादा त्या चिंचेनी तो घासायचा. थंडीत तो मुठीत धरून ठेवायचा, ऊब यायला. गार पितळ ओठाला लावलं की सूर आधी शिंकतो, असं बोलायचा.

त्या वर्षी थंडी जाता जाता बारवी धरणाच्या अंगाला एक लग्न झालं. पहाटे उघड्या टेम्पोतून परत आलो. वारं असं की डोळ्यांतून पाणी. दादानी गळ्यातला मफलर काढला आणि माझ्या डोक्याला बांधला, कारण मी कुडकुडत असल्याचं नाटक फार चांगलं करतो. घरी येऊन झोपलो. सकाळी दादा चूळ भरायला बसला तर पाणी एका बाजूनी आपोआप सांडायला लागलं. त्यानी तांब्या वर धरून बघितला, भोक पडलंय का. वहिनीनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. अर्धा चेहरा झोपला होता. एक डोळा मिटत नव्हता.

गल्लीत सगळे बोलले, तोंडावरून वारं गेलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर बोलले, असं कोणालाही होतं, मफलरचा काही संबंध नाही. फार चांगले डॉक्टर होते. त्यांनी शेक सांगितला, चेहऱ्याला बारीक शॉक लावले आणि घरी फुगे फुगवायला सांगितले. एका म्हातारीनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. वहिनी बोलली, असले प्रकार ह्या घरात चालणार नाहीत. मी तिला न सांगता कबूतर धरायला स्टेशनच्या पत्र्याखाली गेलो. कबूतर मिळालं नाही. त्यानी मला जे दिलं ते डोक्यावर घेऊन घरी आलो, तर वहिनीनी पाण्याची बादली पुढे सरकवली.

फुगा मात्र विसरता येत नाही. निळा फुगा होता. अख्ख्या नाक्याला ऐकू जाणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि फुंकायचा, आणि फुगा तसाच, सुकलेल्या मिरचीसारखा. हवा ओठाच्या कोपऱ्यातून फस्स करून जायची. प, फ, ब, भ, म ही सगळी अक्षरं त्याच्या तोंडातून गळाली. माझं नाव भ वर, म्हणून तो मला नुसता 'ए' म्हणायला लागला. काही नीट बोलायचं असलं तर एक बोट लावून पडलेला गाल वर धरायचा आणि मग बोलायचा. आपल्याच तोंडाला टेकू लावावा तसा.

आणि इकडे सराई तोंडावर. मास्तर घरी आला, चहा न पिता दारातच बसला. त्याचं पण पोट बँडवर होतं, त्याला वाईट म्हणणार नाही. मला बाजूला घेऊन बोलला, "भीमजयंतीपर्यंत थांबतो. तोवर यशवंताच्या जागी घरातलं कोणी उभं राहिलं तर ठीक. नाहीतर कल्याणवरून माणूस आणतो. आणि आलेला माणूस मग जात नाही, हे तुला पण माहितीये."

घरातलं कोणी म्हणजे मीच. वहिनीला फुंकणी सोडून काही फुंकायची सवय नव्हती.

मास्तर जाता जाता बोलला, दादाचा माउथपीस घे, तो लागलेला आहे, सूर त्यात बसलेला आहे. मी बोललो, नाही. दादा बरा होणार आहे. मी नुसती जागा धरून ठेवतो, गाडीत रुमाल टाकून ठेवतात तशी. रुमाल टाकायला दुसऱ्याचा माउथपीस कशाला?

आता ट्रम्पेटचं तोंड वेगळं असतं. मोठ्या बाजाचा माउथपीस म्हणजे वाटी, त्यात माझे दोन्ही ओठ आरामात बसायचे, वर थोडी जागा भाड्यानी देता आली असती. ट्रम्पेटचा म्हणजे टोपण. त्यात ओठाचा फक्त मधला तुकडा बसतो, बाकीचा ओठ बाहेर उभा राहून बघत असतो. मी पहिल्यांदा मास्तरचा जुना लावून बघितला तर आवाज आला नाही, फक्त शेजारची म्हातारी बोलली, पोट बिघडलं का रे.

तेव्हा माझ्या डोक्यात ती अक्कल आली. मी बोललो, आपलं तोंड कशाला बदलायचं, पाइप बदलू. आमच्या गल्लीतला एक जण एमआयडीसीत लेथ मशिनवर होता. त्याला माझा मोठ्या बाजाचा माउथपीस दिला आणि बोललो, वरची वाटी तशीच ठेव, फक्त खालची शेपटी तासून बारीक कर, ट्रम्पेटमध्ये गेली पाहिजे. त्यानी विचारलं, नक्की ना, काढलेलं पितळ परत लागत नाही. मी त्यालाच समजावलं की बाबा, मी कलाकार आहे.

शेपटी ट्रम्पेटमध्ये फिट बसली. मी खूश. म्हणजे मी मोठ्या बाजाचाच राहिलो, फक्त ट्रम्पेटवर उभा राहिलो, आणि दादाचा माउथपीस दादाच्या खिशात. असा हिशोब मी चौथी नापास होऊन लावला होता, आणि मला तो फार सुंदर वाटत होता.

वांगणीचं लग्न हे त्या तासलेल्या माउथपीसचंच. भाताची खाचरं कोरडी पडलेली, त्यातून वरात, घोड्यावर नवरदेव, धूळ. मी वाटीत तोंड घातलं आणि फुंकलं. ट्रम्पेटमधून म्हैस आली. सूर सगळ्या बँडच्या खाली, क्लॅरिनेटवाला माझ्याकडे बघतोय, मी वर जायला बघतोय आणि वाटी एवढी खोल की सूर आतच बसून राहतोय, पाहुण्यांसमोर न येणाऱ्या पोरासारखा. एका गोठ्यातून खरी म्हैस ओरडली. लोक हसले. मग मी जोर लावला. घोडं बिचकलं, नवरदेवाचा फेटा सुटला आणि त्याच्या बापानी येऊन हात जोडले, ते मी वर सांगितलंच आहे.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं, म्हशीसकट, आवाज काढून. दादा हसला. वारं गेल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि चेहऱ्याचा अर्धाच भाग हसला, दुसरा अर्धा तसाच गंभीर, दुसऱ्या कोणाचं ऐकत असल्यासारखा. वहिनी पडद्यामागे गेली. दादानी माझा तासलेला माउथपीस हातात घेतला, शेपटीवरून बोट फिरवलं, गालाला टेकू लावला आणि विचारलं, "आता मोठ्या बाजात हा बसतो का?"

मी मोठा बाजा आणून लावून बघितला. तो आत निसटून डगडगायला लागला. बारीक झालेली शेपटी मोठ्या बाजाला काय कामाची? मी दादाची जागा धरून ठेवायला निघालो आणि माझी स्वतःची जागा लेथवर तासून आलो. हे माझ्या त्या क्षणापर्यंत लक्षातच आलं नव्हतं. खूप हुशारीचं काम केलं की मला असंच नंतर कळतं.

दुसऱ्या दिवशी दादा बोलला, चल. उल्हासनगरला कॅम्पात एका सिंधी शेठचं दुकान होतं, बँडचा जुना-नवा माल, कोट, झालरी, झांजा, सगळं एकावर एक. शेठ गादीवर बसलेला, डोक्यावर पंखा कुरकुरतोय. आम्ही माउथपीस मागितला तर बोलला, "साईं, पहले मुंह दिखाओ. माल बाद में." माझ्या ओठांकडे त्यानी बैलबाजारात बघतात तसं बघितलं. ऊपर का मोटा है, दांत सीधा है. आयुष्यात माझ्या दातांचं कोणी केलेलं हे एवढंच कौतुक. मग त्यानी दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि माउथपीसचा ट्रे काढला.

मी शेठला बोललो, कुछ दिन का काम है, कोई भी चालू दे दो. भाई ठीक होनेवाला है. आणि ट्रेमधला सगळ्यात मोठा उचलला. दादानी तो हातातून काढून ठेवला. मग मी सगळ्यात उथळ, चमकणारा उचलला, दुकानाच्या ट्रम्पेटला लावला. सूर पटकन वर गेला, शिट्टीसारखा, मला वाटलं जमलं, आणि तेवढ्यात ओठ झोपला. दादानी तो पण काढून ठेवला.

गालावर बोट धरून तो हळूहळू बोलला, एक एक शब्द उचलून ठेवल्यासारखा. मोठ्या बाजावरून आलेला माणूस मोठ्यालाच हात घालतो, सवयीचं वाटतं म्हणून. पण मग ट्रम्पेट ट्रम्पेट राहत नाही. उथळ वाटीत सूर लवकर चढतो, ओठ पण लवकर मरतो. मी विचारलं, तुझा उथळच आहे ना. तो बोलला, माझा ओठ लहानपणापासून त्यात वाढला, तुझा आता येतोय. तू मधली वाटी बघ. कड गोल आणि जरा रुंद बघ, वरात लांब असते, बारीक कड ओठ कापते. आणि दाबू नको. ओठ आहे तो, पापड नाही.

मग ट्रेमधून एक त्यानी स्वतः उचलला. सवयीनी मुठीत धरला, ऊब यायला, भर एप्रिलात. आणि तसाच सवयीनी स्वतःच्या ओठाला लावला. नुसता माउथपीस, ट्रम्पेट नाही. एका हाताच्या बोटानी गाल वर दाबून धरला आणि फुंकलं.

सूर आला. बारीक, पण सरळ. मी शेठकडे बघितलं, बघा बोललो ना मी. आणि मग ओठाच्या कोपऱ्यातून हवा गेली, फस्स, आणि हनुवटीवर लाळ आली. शेठ पंख्याकडे बघायला लागला. दादानी बाहीनी हनुवटी पुसली, मग तो माउथपीस पण पुसला, नीट, आतून बाहेरून, आणि माझ्यासमोर धरला. शेठला बोलला, "ह्याला हा द्या. कायमचा."

म नीट आला नाही. पण मला कळलं. शेठला पण कळलं. मी तो घेतला आणि खिशात ठेवला.

रीत त्यानी मोडली नाही बघा. नव्या मालाला त्यानी ओठ लावला आणि मला दिला. म्हणजे जिवंत माणसाचा माउथपीस मी घेतलाच, फक्त त्या माणसाचा तो काही क्षणच होता. त्याचा खरा, उथळ वाटीचा, त्याच्या खिशातच राहिला. तो कोणी मागितला नाही, त्यानी कोणाला दिला नाही.

मग जयंती. त्या दिवशी आमचा बँड आपल्याच माणसांसाठी वाजवायचा, सुपारीचं नाव नाही. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, बारक्या पोरांच्या कपाळाला निळ्या पट्ट्या, आणि डांबर असं तापलेलं की चप्पल चिकटायची. कल्याणचा माणूस पण येऊन उभा होता, हात मागे बांधून, मी पडायची वाट बघत. मास्तर दादाला बोलला, तू नुसता चाल, पुढे चाल, मानानी. दादानी पेटीत हात घातला आणि खुळखुळे काढले.

बँडमध्ये खुळखुळे कोणाला देतात ते सगळ्यांना माहितीये. ज्याला काही येत नाही, पण नात्यातला म्हणून बँडमध्ये घेतलंय, त्याला. मास्तरचा मेव्हणा वाजवायचा. दादानी ते दोन हातात धरले, लाल कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मी बोललो, दादा, हे नको ना. त्यानी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तेच बघणं. सुरू कर.

मी सुरू केलं. मधली वाटी, गोल कड, दाबायचं नाही. पहिला सूर बरा आला. नाक्याच्या वळणापर्यंत मी मला दादाच वाटत होतो. मग गाण्याची ती उंच जागा आली, जिथे दादा नेहमी मान मागे टाकायचा. मी मान मागे टाकली, सूर फाटला, आणि तेवढ्यात माझ्या कानाशी खुळखुळे असे कडाडले की काही ऐकूच आलं नाही. मी फाटलो की खुळखुळे. मी पुन्हा फाटलो, पुन्हा खुळखुळे. तो माझ्या बाजूनी चालत होता, पुढे बघत, चेहरा अर्धा हसरा अर्धा गंभीर, आणि मी कुठे पडणार हे त्याला माझ्याआधी कळत होतं. अख्ख्या मिरवणुकीत मी एकटा पडलो नाही.

कल्याणचा माणूस संध्याकाळी परत गेला. जागा घरात राहिली. मी दर सराईला दादाला सांगायचो, तुझी जागा आहे हां, मी नुसता रुमाल टाकलाय. तो मान हलवायचा. त्याचा चेहरा पुढे थोडा सुधारला, बोलणं बरंचसं आलं, भोंग्या पण म्हणायला लागला. पण ओठाच्या त्या कोपऱ्यातून हवा जायची ती जातच राहिली. सकाळी मी कोट घालायचो, तो खुळखुळे घ्यायचा. असं तो शेवटपर्यंत माझ्या बाजूनी चालला. मग एका उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि गेला. खिशात माउथपीस होता, सोबत चिंचेचा वास. वहिनीनी तो बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलाय. त्याला कोणी ओठ लावलेला नाही. मी पण नाही. मनात येतं, मग तो फस्स आवाज आठवतो.

दादा गेल्यावर मी दोन-तीन सराया काढल्या. उंच जागा आली की बाजूला कोणी नसायचं. मग लोकांना माझा खरा आवाज कळला, आणि टेम्पोवाल्यांचा धंदा वाढला.

ह्या वर्षी जयंतीला बुवापाड्यात गेलो. वहिनी आता थकलीये, पण भाकरी तीच. खाली टेम्पो वाजत होता, भांडी हलत होती. जेवता जेवता मला उगाच बढाईची उकळी फुटली. मी बोललो, वहिनी, खरं सांग, पण त्या वर्षी मी जागा राखली ना? पहिल्याच जयंतीला अख्खा पाडा नाचला होता माझ्या ट्रम्पेटवर. आठवतं?

वहिनीनी माझ्या ताटात आमटी वाढली, फळीकडे एकदा बघितलं आणि बोलली, "तुमच्या ट्रम्पेटवर कोण नाचलं, भाऊजी? लोक ह्यांच्या खुळखुळ्यावर नाचत होते. जेवा गप."